डोंगर, दिसला तर

ताईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. दृष्टी कडांकडून मिटत चालली आहे, ती थांबवता येणार नाही, हातात वर्ष आहे, फार तर दीड. ताईनं ऐकून घेतलं, चष्मा रुमालानं पुसला, डॉक्टरांचे आभार मानले. बाहेर जिना उतरताना माझा दंड धरून म्हणाली, "छोट्या, मला जंगल बघायचंय. खरं. मोठं."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी एकोणसाठचा, दोन नातवंडांचा आजोबा, डोक्यावरचे केस एका बैठकीत मोजून होतील इतके. पण तिच्या लेखी मी अजून छोट्याच. तिनं लग्न केलं नाही. तेहेतीस वर्षं एकाच शाळेत भूगोल शिकवला. विषुववृत्त तिनं फळ्यावर हजारदा तरी ओढलं असेल, पण स्वतः ती आमच्या शहरापासून एका दिवसाच्या प्रवासापलीकडे कधी गेली नव्हती. आधी बाबांचं अंथरूण, मग आईचं, मग शाळेचा कारभार. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता पुढची वर्षं संपत आली होती.

मी मोजणी खात्यात एकतीस वर्षं सर्व्हेअर होतो. जे मोजता येत नाही त्याबद्दल बोलायचं नाही, ही माझी सवय. बायको तिला आजार म्हणते. हे सांगायचं कारण एवढंच, की पुढं जे लिहितोय ते लिहिताना मला लाज वाटतेय. आणि तरी आकडे माझ्या वहीत आहेत, माझ्याच अक्षरात.

सहलीची आखणी ताईच्या जेवणाच्या टेबलावर झाली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, पश्चिमेला एक मोठी खिडकी. दर शनिवारी दुपारी मी जायचो. तिला तेव्हा पाइपातून बघितल्यासारखं दिसायचं. मधलं स्वच्छ, बाजूचं काहीच नाही. चहाचा कप कुठं ठेवलाय हे तिला मान फिरवून शोधावं लागे. म्हणून तिनं एक मोठा कागद टेबलावर चिकटवला होता आणि जाड काळ्या पेननं त्यावर ती बोटभर उंचीच्या अक्षरांत यादी करायची. रबरी बूट. जळवांसाठी लांब मोजे. तापाच्या गोळ्या. दोन टॉर्च. दुर्बीण, याच्याखाली दोन रेघा.

देश तिनंच निवडला होता. मी एखादं जवळचं, डोंगराळ, थंड अभयारण्य सुचवून पाहिलं, तर तिनं मला वर्गात मागच्या बाकावर झोपलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. तिला विषुववृत्ताजवळचं सपाट जंगल हवं होतं. रुंद नदी, झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा दोरांचा पूल, पाण्यात उभी असलेली झाडं आणि त्यांच्या मधून होडी. "पुस्तकात एक वाक्य आहे," ती म्हणायची, "की तिथं रोज दुपारी चारच्या सुमारास पाऊस पडतो. तेहेतीस वर्षं मी पोरांकडून ते घोकून घेतलं. खरं आहे का खोटं, ते तरी बघून येऊ."

सहल आखून देणारी बाई आम्ही ओळखीतून शोधली. वह्या-पेनांच्या दुकानावर तिची दोन खोल्यांची कचेरी होती. तिशीतली, चटपटीत, अंबाड्यात कायम एक पेन खोचलेलं. आम्ही तिला सहलवाली म्हणायचो. मोठ्या विमानानंतर लहान विमान, मग सहा तास होडी, मग नदीकाठचं सहा खोल्यांचं लाकडी विश्रामगृह. आठ दिवसांचा कार्यक्रम तिनं छापून दिला. ताईसाठी अक्षरं मुद्दाम मोठी केली होती. पहिला दिवस पोचणे. दुसरा दिवस शेंड्यांवरचा पूल. तिसरा दिवस पाण्यातलं जंगल.

चौथ्या दिवसापुढं लिहिलं होतं: सकाळी डोंगर (दिसला तर).

मी त्या आठवड्यात तो सगळा मुलूख नकाशावर बघून घेतला होता. जुनी सवय. उंचीच्या रेषा तपासल्या होत्या, उपग्रहाचे आकडेही उतरवले होते. त्या विश्रामगृहापासून तीनशे किलोमीटरपर्यंत नव्वद मीटरपेक्षा उंच जमीन नव्हती. चादर अंथरावी तसा प्रदेश. तिथं डोंगर कुठून येणार?

सहलवालीला विचारलं. ती म्हणाली, विश्रामगृहाकडून कार्यक्रम असाच येतो. मी म्हटलं, नकाशात असा डोंगर नाही. त्यावर तिनं अंबाड्यातलं पेन काढलं, पुन्हा खोचलं, आणि जरा हसून सांगितलं की हा प्रश्न जायच्या आधी सगळेच विचारतात.

"आणि परत आल्यावर?" मी विचारलं.

"परत आल्यावर कुणीच विचारत नाही, काका."

मी विश्रामगृहाला पत्र पाठवलं. ते चालवणारी बाईच होडीही चालवायची, आणि उत्तरंही तीच लिहायची. तिला आणि मला दोघांनाही अर्धवट येणाऱ्या भाषेत आमचा व्यवहार चालला होता. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. डोंगर पश्चिमेला असतो. सकाळी असतो. रोज नसतो.

"रोज दिसत नसेल," मी ताईला म्हणालो. "ढगांमुळे. भाषा कच्ची आहे तिची."

ताईनं ते पत्र डोळ्यांसमोर धरून, पाइपातून एकेक शब्द पकडत वाचलं. "नसतो असंच लिहिलंय," ती म्हणाली, आणि कागदावर चौथ्या दिवसासमोर दोन रेघा ओढल्या.

मी माझा छोटा थिओडोलाइट बरोबर घेतला. कोन मोजायचं यंत्र. निवृत्तीच्या वेळी खात्यानं मोडीत काढलं होतं ते मी मागून आणलं होतं. बॅग भरताना बायको म्हणाली, सहलीला चाललात की कुणाच्या बांधाचा तंटा सोडवायला? मी म्हटलं, ढगाला डोंगर म्हणून खपवणाऱ्यांचा तंटा आहे, सोडवून येतो.

निघायच्या आधी दोन महिने ताईनं बूट घालून इमारतीचे जिने चढण्याउतरण्याचा सराव केला. शेजारच्या पोरी हसायच्या. तीही हसायची. मी तिला इतक्या आनंदात कधी बघितलं नव्हतं, हे खरं सांगायचं तर माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

जंगलाबद्दल मी काय सांगू? मी आयुष्यभर उघड्या माळांवर मोजणीच्या साखळ्या ओढल्या. तिथं पहिल्या दिवशी होडीत बसलो आणि सहा तास दोन्ही काठांना हिरव्या भिंतीखेरीज काही दिसलं नाही. भिंतीत कुठं फट नव्हती. हवा अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटायची. वास कुजल्याचा आणि फुलल्याचा एकत्र, निवडून वेगळा करता न येणारा. पत्रं लिहिणारी ती नाववाली मागं उभी राहून होडी चालवत होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, चेहऱ्यावर हसू ना राग. तिनं ताईकडे एकदाच नीट बघितलं आणि मग तिच्या उजव्या हाताशी एक दोरी बांधून दिली, धरायला. ताईला नीट दिसत नाही असं आम्ही कुणी तिला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेंड्यांवरच्या पुलावर गेलो. चाळीस मीटर उंचीवर दोर आणि फळ्या. मला घेरी आली. ताई मात्र खाली बघू शकत नव्हती म्हणूनच की काय, सरळ चालत गेली. मधोमध उभी राहून तिनं दुर्बीण लावली आणि अर्धा तास ती एकाच झाडाकडे बघत होती. त्याच दिवशी दुपारी पाऊस आला. ताईनं घड्याळ नाकाला लावून बघितलं. चार वाजून सहा मिनिटं. "पुस्तक बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पावसात तशीच उभी राहिली, आत यायला तयार होईना.

तिसऱ्या दिवशी पाण्यातलं जंगल. झाडांचे बुंधे पाण्यात, आणि पाणी इतकं काळं आणि स्थिर की झाडं वरखाली दोन्हीकडे वाढल्यासारखी. नाववालीनं वल्ही थांबवली. बेडूक, किडे, पक्षी, सगळ्यांचा मिळून एक आवाज होता, गिरणीसारखा, कधीच न थांबणारा. ताई कुजबुजली, की तिला हे डोळ्यांत साठवून घ्यायचंय, पुढं पुरवून पुरवून वापरायला. मी काहीतरी विनोद केला. आता तो आठवत नाही, बरंच आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती शांततेनं.

तीन दिवस कानात भरून राहिलेला तो गिरणीचा आवाज बंद झाला होता. एकही पक्षी नाही, एकही किडा नाही. सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, बाहेर लख्ख उजेड होता. ताईची खोली शेजारीच. तिचं दार उघडं, बिछाना रिकामा. मी अनवाणी धावत धक्क्यावर गेलो.

ती तिथंच होती, लाकडी धक्क्याच्या टोकाला, कठड्याची दोरी धरून उभी. मागं नाववाली आणि विश्रामगृहातली सगळी माणसं, स्वयंपाकी, धुणंवाली, माळी, एका ओळीत उभी होती. सगळी नदीपलीकडे बघत होती.

नदीपलीकडे डोंगर होता.

मी घाईनं काही लिहू इच्छित नाही. ढग नव्हता तो. सकाळचं ऊन आमच्या पाठीमागून येऊन थेट त्याच्या अंगावर पडलं होतं, आणि त्याच्यावरची झाडं एकेक वेगळी दिसत होती. खाली गडद हिरवी, वर फिकी, त्याच्याही वर उघडा करडा खडक. डाव्या कुशीतून एक धबधबा पडत होता. पांढरी रेघ, जी मध्येच कड्याआड जाई आणि खाली पुन्हा सुरू होई. पायथा आमच्या समोरच्या झाडीमागं. माथा बघायला मला मान पाठीवर टाकावी लागली नाही, पण टोपी असती तर मागं सरकवावी लागली असती. आदल्या संध्याकाळी तिथं नुसतं आभाळ होतं. मी स्वतः तिथं सूर्य बुडताना बघितला होता, सपाट शेंड्यांच्या रेषेत.

भीती नव्हती ती, निदान सुरुवातीला. लहानपणी पहिल्यांदा समुद्र बघितल्यावर जे झालं होतं ते. आपण किती वेळ श्वास घेतलेला नाही हे नंतर कळतं, तसं.

"दिसतोय ना तुला?" ताईनं विचारलं. ती मागं वळली नव्हती.

"दिसतोय."

"बरं झालं. मला वाटलं, मलाच."

मग मी मला येतं तेच केलं. खोलीत जाऊन थिओडोलाइट आणला. फोन खिशात होता, फोटो काढायचं सुचलंसुद्धा नाही. पण यंत्र आणायचं सुचलं. आमच्या धक्क्यापासून धुण्याच्या धक्क्यापर्यंत काठाकाठानं सरळ पायवाट होती. ती मी दुसऱ्याच दिवशी फितीनं मोजून ठेवली होती, चारशे वीस मीटर. दोन्ही टोकांवरून माथ्याचा कोन घ्यायचा, मग अंतर काढायचं, मग उंची. शाळकरी गणित. प्रत्येक कोन तीनदा घेतला.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्या वहीत पहिलं उत्तर आलं. अंतर बारा किलोमीटर. उंची दोन हजार तीनशे तीस मीटर.

म्हणजे डोंगर खरा होता. तो मोजता येत होता. हे लिहिताना मला किती हायसं वाटलं ते कुणाला सांगून पटायचं नाही. मी ओरडून ताईला आकडा सांगितला. तिनं नुसता हात हलवला.

चांगला सर्व्हेअर एका मापावर विसंबत नाही. मी दुसऱ्यांदा मापं घेतली. पहिल्या धक्क्यावर यंत्र लावलं, कोन लिहिला, चारशे वीस मीटर चालत गेलो, पुन्हा लावलं. आठ वाजून वीस मिनिटांनी गणित संपलं.

उंची तीच आली. दोन-चार मीटरचा फरक, तो माझ्या हातांचा.

अंतर नऊ किलोमीटर आलं.

मी आकडेमोड तीनदा तपासली. मग यंत्रातून डोळा काढून साध्या नजरेनं बघितलं. धबधबा आता रेघ नव्हता, पट्टा होता. आणि तो ऐकू येत होता. त्या शांततेत, फार लांबून, एकसारखा, दूर कुठंतरी लोकांनी भरलेलं पटांगण कुजबुजावं तसा.

मी पहिल्या धक्क्याकडे परत निघालो. डावीकडे नदी होती. तीन दिवस ती उत्तरेकडे वाहत होती. आता ती वाहत नव्हती. पाण्यावरची पानं जिथल्या तिथं होती.

धक्क्यावर नाववालीनं होडी सोडून तयार ठेवली होती. तिनं मला आमच्या त्या अर्धवट भाषेत समजावलं. डोंगर असा असला की ज्याला जायचं असेल त्याला ती पायथ्यापर्यंत नेते. दुपारच्या आत पोचता येतं, कारण अर्धी वाट तोच येतो. तिची एकच अट होती. माणसाला त्याच्या घरच्या माणसानं हात धरून होडीत बसवायचं. घरच्यानं नाही म्हटलं तर ती नेत नाही.

मी विचारलं, गेलेली माणसं परत येतात का?

तिनं विचार करून उत्तर दिलं. "बहुतेक."

ताईनं बूट घातले होते. गळ्यात दुर्बीण होती. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखी ती धक्क्याच्या कडेला उभी होती, आणि पाण्याची कड कुठं आहे ते दिसत नसल्यामुळे तिनं एक हात माझ्याकडे पसरला होता.

"चल, दे हात," ती म्हणाली.

मी तिला आकडे सांगितले. बारा होतं, आता नऊ आहे, म्हणजे तो सरकतोय. असं काही नसतं, ताई, असं काही असूच शकत नाही. जे नकाशात नाही, जे थांबत नाही, त्याच्याकडे मी तुला कसं पाठवू? मी बराच वेळ बोललो. सगळं मुद्देसूद होतं. ती ऐकत होती, आणि हात तसाच होता.

"छोट्या," ती म्हणाली, "तू मोजत बस. मला बघू दे."

मी हात दिला नाही.

माझे दोन्ही हात यंत्राच्या लाकडी तिपाईभोवती होते. ते लाकूड मी इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळी तळव्यांवर वळ होते. मी मान हलवली. ताईला ते दिसलं नसावं, पण नाववालीला दिसलं. तिनं दोर पुन्हा खुंटीला बांधला. तिच्या चेहऱ्यावर तेव्हाही हसू नव्हतं, राग नव्हता.

ताईचा हात किती वेळ तसा होता ते मी मोजलं नाही. मग तिनं तो खाली घेतला आणि डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. सावकाश, पाइपातून, पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणि पुन्हा खाली, ओळीओळीनं वाचावं तसा तिनं तो बघून काढला.

नऊच्या सुमाराला वरून पोपटांचा एक थवा गेला. हिरवा, कलकलाट करणारा. त्या सकाळचा तो पक्ष्यांचा पहिला आवाज. थवा डोंगराच्या समोरून गेला.

तो पलीकडे गेला तेव्हा तिथं आभाळ होतं.

पाण्यावरची पानं हळूहळू उत्तरेकडे निघाली. किडे सुरू झाले. स्वयंपाकी आत गेला, कारण न्याहारीची वेळ टळून चालली होती.

उरलेले चार दिवस आम्ही कार्यक्रमाप्रमाणे काढले. ताई माझ्यावर रागावली नाही. तिनं त्या सकाळचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. परतीच्या विमानात तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली. सहलवालीनं फोन करून सहल कशी झाली विचारलं, तेव्हा मी छान झाली म्हणालो, आणि मला कळलं की मीही काही विचारणार नाहीये.

डॉक्टरांनी वर्ष दिलं होतं. दृष्टी त्याआधीच गेली, परत आल्यावर पाचव्या महिन्यात, आठवडाभरात. मी घाबरलो. माझ्याकडे राहायला ये म्हणून हट्ट धरला, बायकोनंही सांगून पाहिलं. ताई म्हणाली, हे घर मला पाठ आहे, तुमचं नाही. स्वयंपाकाला एक बाई लावली. मी आता शनिवारचाच नाही, रोज दुपारी जातो. तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ती पश्चिमेच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसलेली असते, पावलं उघडी, फरशीवरच्या उन्हात.

ती दुःखी नाही. हे मला आधी कळेना. नुकतीच दृष्टी गेलेल्या माणसासारखी ती वागत नाही. कुणीतरी येणार आहे म्हणून घर आवरून बसलेल्या माणसासारखी वागते.

उन्हाकडे माझं लक्ष मागच्या महिन्यात गेलं. दिवस मोठे होत चालले आहेत. म्हणजे त्या खिडकीतलं ऊन रोज थोडं जास्त वेळ राहायला हवं. माझ्या घरी राहतं. ताईकडे ते रोज थोडं आधी जातं. पहिल्यांदा सहाला गेलं, मग पावणेसहाला, मग साडेपाचला. मी खिडकीतून वाकून बघितलं. समोर नवी इमारत नाही. पत्र्यांची बैठी घरं, पाण्याची टाकी, आणि त्यामागं मोकळं आभाळ. सूर्य तिथं वर, ठळक होता, मला डोळे मिटावे लागले. आणि माझ्या मागं, फरशीवर, सावली होती.

मी ताईला काही सांगितलं नाही. फरशीवर पेन्सिलनं रेघा मारू लागलो, एकेका दिवसाची एकेक, सावलीची कड जिथं असेल तिथं. पेन्सिलचा आवाज तिला येत असणार. तिनं विचारलं नाही. एकदाच म्हणाली, की खिडकी लावू नकोस, उकडत नाही मला, उलट छान गार येतंय.

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कड तिच्या खुर्चीच्या पायांशी पोचली. मी वाकून बघत होतो. खिडकीची कड सरळ आहे, तिची सावली सरळच पडायला हवी. ही सरळ नाही. ही दातेरी आहे, खालीवर, बारीक. जवळून बघितलं तर झाडांचे शेंडे आहेत, शेकडो, शेजारी शेजारी. बाहेर वारा नव्हता. शेंडे हलत होते.

बघता बघता त्यातल्या एका शेंड्यावरून काहीतरी उडालं. पंख पसरलेली एक छोटी सावली फरशीवरून सरकत ताईच्या पावलांकडे आली.

ताईनं, समोर बघतच, तिला वाट द्यायला पाय जरा बाजूला घेतले.